एकसारख्या दिसणाऱ्या हिवतापाच्या डासांची डीएनएवरून ओळख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डासांची ओळख पटवण्याचं काम करताना विद्यार्थी, आरोग्य कर्मचारी आणि निव्वळ कुतूहल असलेली माणसं जे प्रश्न सतत विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे थोडक्यात सांगितलं की गैरसमज होतो, हा माझा अनुभव आहे.

डास ॲनाफिलीस आहे एवढं कळलं की पुरे नाही का?

नाही. ॲनाफिलीस गटात नाव मिळालेल्या साडेचारशेहून अधिक प्रजाती आहेत. त्यांपैकी जेमतेम ४० प्रजाती माणसांत हिवताप पसरवण्याचं मुख्य काम करतात. बाकीच्या काही गुराढोरांच्या रक्तावर जगतात, काही माणसांच्या वस्तीकडे फिरकतच नाहीत, काहींच्या शरीरात परजीवीची वाढ पुरी होत नाही.

पंखांवरचे ठिपके, सोंडेजवळच्या स्पर्शकांवरचे पट्टे, पायांवरचे पांढरे डाग यांवरून डास ओळखता येतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्या मर्यादेच्या पलीकडे प्रजातीसंकुल सुरू होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ज्यांच्यात फरक दिसत नाही, पण ज्या निसर्गात आपापल्या वेगळ्या राहतात, अशा सख्ख्या प्रजातींचा तो समूह असतो. आफ्रिकेतल्या ॲनाफिलीस गॅम्बी संकुलात आज नऊ प्रजाती मानल्या जातात. त्यांत माणसाच्या मागे लागणारी जगातली सर्वांत घातक वाहक प्रजाती आहे, तशीच गुरांवर जगणारी आणि हिवतापाशी जवळपास संबंध नसलेली क्वाड्रिॲन्युलेटसही आहे. बवाम्बे नावाची एक प्रजाती तर युगांडातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या परिसरातच सापडते. या साऱ्यांच्या माद्या भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या, तर कोणती कुठली हे मला सांगता येणार नाही, आणि ज्यांनी आयुष्यभर डासच पाहिले त्यांनाही खात्रीने सांगता येणार नाही.

फरक दिसतच नसेल, तर त्या वेगळ्या प्रजाती कशावरून म्हणायच्या?

कोण कोणाशी जुगतं आणि त्या जोडीची संतती पुढे वाढते का, यावरून प्रजाती ठरते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये डेव्हिडसन यांनी आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून आणलेल्या 'गॅम्बी' डासांचे प्रयोगशाळेत आपापसांत संकर केले. काही जोड्यांची संतती धडधाकट निघाली. काही जोड्यांच्या संततीतल्या माद्या ठीक होत्या, नर मात्र निर्बीज. एकाच प्रजातीचे डास असते तर असं झालं नसतं. वेगळ्या ठरलेल्या डासांना आधी ए, बी, सी अशी नुसती अक्षरं दिली. पुढे त्यांचीच गॅम्बी, अरेबिएन्सिस आणि क्वाड्रिॲन्युलेटस अशी नावं रूढ झाली.

हा गोंधळ पहिल्यांदा कधी लक्षात आला?

युरोपात, आणि तोही अंड्यांवरून. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद इथे डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. पुढच्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसातला हिवताप ॲनाफिलीसच पसरवतो हे दाखवून दिलं. त्यानंतर एक कोडं उभं राहिलं. युरोपात काही भागांत मॅक्युलिपेनिस नावाचा ॲनाफिलीस मुबलक होता, पण हिवताप नव्हता. शेजारच्या भागात तोच डास होता आणि हिवतापाने माणसं जेरीस आली होती.

१९२६ साली इटलीत फालेरोनी यांनी एकेका मादीला वेगळं ठेवून तिची अंडी तपासली. अंड्यांवरची नक्षी वेगवेगळी होती, आणि एक मादी एकाच नक्षीची अंडी घालत होती. 'मॅक्युलिपेनिस' हा एक डास नव्हताच. लॅब्रांकिए, ॲट्रोपार्व्हस आणि साखारोव्ही हे माणसाला चावून रोग पसरवणारे, तर मेसिएसारखे काही मुख्यतः जनावरांवर जगणारे होते. ज्या गावांत डास होते पण रोग नव्हता, त्यांचं कोडं त्या अंड्यांनी सोडवलं. आज आपण डीएनएत जे शोधतो, ते फालेरोनी भिंगातून अंड्यांच्या कवचावर शोधत होते.

नाव चुकलं तर प्रत्यक्षात बिघडतं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली हिवतापाचे सुमारे २६.३ कोटी रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. हा रोग आटोक्यात ठेवण्याचा मोठा भार डासांवरच्या उपायांवर असतो, म्हणजे घरातली फवारणी आणि औषधभारित मच्छरदाण्या. हे दोन्ही उपाय लागू पडतात ते डास घरात शिरतो, रात्री माणसाला चावतो आणि भिंतीवर विसावतो म्हणून. प्रजाती बदलली की ही तिन्ही गृहीतकं ढासळू शकतात.

केनियाच्या पश्चिम भागात मच्छरदाण्या घरोघरी पोहोचल्यावर गॅम्बी झपाट्याने कमी झाला. अरेबिएन्सिस मात्र टिकला, कारण त्याला गुरंही चालतात आणि घराबाहेर राहणंही. दोघांना एकाच नावाखाली मोजलं असतं, तर आकडे म्हणाले असते 'डास थोडे कमी झाले'. प्रत्यक्षात एक शत्रू जवळपास हरला होता, दुसऱ्याला धक्काही लागला नव्हता, आणि पुढचा उपाय त्या दुसऱ्यासाठी वेगळा शोधायला हवा होता.

उलटंही घडतं. मध्य व्हिएतनाममध्ये ज्याला मिनिमस हा मोठा वाहक समजलं जात होतं, तो काही ठिकाणी व्हारुना निघाला. हा मुख्यतः जनावरांना चावणारा डास. डीएनए तपासणीने ही गोष्ट उघड केली नसती, तर निरुपद्रवी डासावर पैसा आणि माणसं खर्ची पडत राहिली असती.

सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण मला भारतातल्या क्युलिसिफेसीजचं वाटतं. तिथल्या हिवतापाचा मोठा वाटा या डासाच्या माथी जातो. पण क्युलिसिफेसीज म्हणजे ए, बी, सी, डी आणि ई अशा पाच प्रजाती आहेत. बी ही बहुतांश भागांत अगदी दुबळी वाहक. उत्तरेत ए आणि बी एकत्र सापडत, आणि डीडीटीला ए त्या मानाने लवकर बळी पडे, बी तग धरून राही. आता विचार करा: दोघांना मिसळून चाचणी घेतली तर निष्कर्ष निघतो की डास डीडीटीला दाद देत नाही, फवारणी बंद करा. रोग पसरवणारी ए मात्र अजून मरत असते. सरासरी आकडा खोटा नसतो, पण त्या आकड्याचा डास अस्तित्वातच नसतो.

दक्षिण आफ्रिकेने १९९६ साली डीडीटी सोडून पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक घेतलं. १९९९च्या अखेरीस क्वाझुलू-नाताळमध्ये फवारणी झालेल्या घरांत फ्युनेस्टस हा हिवताप पसरवणारा ॲनाफिलीस सापडला. फवारणीमुळे हा डास तिथून कधीच नाहीसा झाला होता. फ्युनेस्टससारखेच दिसणारे पण रोगाशी फारसा संबंध नसलेले भाऊबंद त्याच भागात असल्यामुळे 'हा तोच का?' हा प्रश्न कळीचा होता. पीसीआर या डीएनए चाचणीने (तिची पद्धत पुढे येते) तोच असल्याचं सांगितलं, तो पायरेथ्रॉइडला जुमानत नसल्याचंही दिसलं, आणि २००० साली डीडीटी परत आणावं लागलं.

डीएनए चाचणी येण्याआधी काय करत?

गुणसूत्रं वाचत. डासाच्या काही पेशींत गुणसूत्राच्या शेकडो प्रती एकमेकींना चिकटून जाडजूड दोर तयार होतो. त्यावर गडद-फिकट आडवे पट्टे दिसतात. अळीच्या लाळग्रंथीत आणि मादीच्या अंडाशयात अशी गुणसूत्रं मिळतात. काही प्रजातींत पट्ट्यांचा एखादा भाग उलटा फिरलेला असतो, आणि तो उलटा भाग हीच त्या प्रजातीची खूण. इटलीचे मारिओ कोलुझी यांनी याच पद्धतीने गॅम्बी संकुलाचा नकाशा मांडला. १९७०च्या दशकात नायजेरियातल्या गार्की या हिवताप नियंत्रण प्रकल्पात त्यांनी दाखवलं की घरात विसावणारे आणि बाहेर राहणारे डास यांच्या गुणसूत्रांतल्या उलट्या भागांचं प्रमाण वेगळं असतं. घरातली फवारणी तिथे रोग थांबवू का शकली नाही, याचा एक धागा त्यात होता.

पद्धत सुंदर, पण जाचक. मादी रक्त पिऊन अंडी अर्धवट भरलेल्या नेमक्या अवस्थेत हवी. ती काही तासांनी पुढे सरकली की गुणसूत्रं वाचता येत नाहीत. नर कामाचे नाहीत, रक्त न प्यायलेल्या माद्या कामाच्या नाहीत. अंडाशय अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात ताबडतोब जपावं लागतं, काचपट्टीवर अंगठ्याने नेमका दाब द्यावा लागतो. आणि ते पट्टे वाचणारी नजर तयार व्हायला वर्षं जातात.

पीसीआर चाचणीत नेमकं काय करतात?

वाळलेल्या डासाचा एक पाय चिमट्याने उपटायचा. पापणीच्या केसाएवढाच तो असतो, खोलीतला पंखा चालू असेल तर उडून जातो, म्हणून पंखा आधी बंद. पाय छोट्या नळीत टाकून कुटायचा आणि डीएनए बाहेर काढायचा. त्यात प्रायमर घालायचे. डीएनएच्या ठरावीक जागीच जाऊन बसणारे हे छोटे तुकडे. मग नळी यंत्रात ठेवायची. सुमारे ९४ अंशांना डीएनएचे दोन धागे सुटतात, ५० अंशांच्या आसपास प्रायमर जागेवर बसतात, ७२ अंशांना नवा धागा विणला जातो. असे तीसेक फेरे झाले की एका तुकड्याच्या, निदान कागदावर, शंभर कोटी प्रती होतात.

खरी युक्ती प्रायमरमध्ये आहे. गॅम्बी संकुलासाठी १९९३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी अजूनही जगभर वापरात आहे. तिच्यात एक प्रायमर सगळ्या प्रजातींना सामाईक असतो, बाकीचे एकेका प्रजातीपुरते. ज्या प्रजातीचा डास असेल तिचाच प्रायमर बसतो, आणि प्रत्येकाचा तुकडा वेगळ्या लांबीचा निघतो: क्वाड्रिॲन्युलेटसचा १५३ अक्षरांचा (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतला एक दुवा), अरेबिएन्सिसचा ३१५, गॅम्बीचा ३९०, आणि खाऱ्या पाण्यातल्या मेलस व मेरस यांचा ४६५च्या आसपास. हे तुकडे जेलमध्ये घालून वीज सोडली की छोटे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात. दिव्याखाली जेल ठेवला की पट्टा कोणत्या उंचीवर आहे ते दिसतं आणि त्यावरून नाव कळतं. मेलस आणि मेरस यांचे पट्टे मात्र एकाच उंचीवर येतात. तिथे डास कुठल्या किनाऱ्यावरून आला हे विचारावं लागतं, कारण मेलस आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा आणि मेरस पूर्व किनाऱ्याचा.

नर-मादी, म्हातारा-तरुण, उपाशी-पोट भरलेला, काहीही चालतं. अळीही चालते. अंडाशयाची वेळ साधण्याच्या तुलनेत ही केवढी मोकळीक आहे, हे ज्यांनी दोन्ही कामं केली त्यांनाच कळेल.

चाचण्या नेहमी रायबोसोमल डीएनएवरच का असतात?

पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमची जनुकं ज्या डीएनएत असतात, तो हा डीएनए. तो निवडण्याची दोन कारणं. पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे मोडकळलेल्या पायातूनही निदान मिळतं. आणि या प्रती एका प्रजातीत एकमेकींसारख्या राहतात, पण दोन प्रजातींत वेगाने वेगळ्या होत जातात. जनुकांमधल्या मोकळ्या पट्ट्या, उदाहरणार्थ आयटीएस-टू, यासाठी उत्तम. फ्युनेस्टस गटाची नेहमीची चाचणीही आयटीएस-टूवरच उभी आहे: फ्युनेस्टसचा तुकडा ५०५ अक्षरांचा, त्याच्या भाऊबंदांपैकी पॅरेन्सिसचा २५२, लीसोनीचा १४६.

डीएनए बारकोड म्हणून सीओ-वन जनुक वाचतात ना? मग तेवढंच पुरे की.

दूरच्या नात्यातल्या प्रजातींसाठी पुरतं, सख्ख्या भावंडांसाठी पुष्कळदा नाही. सीओ-वन हे मायटोकाँड्रियातलं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरातलं, जनुक आहे आणि मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतं. दोन प्रजातींत कधीकाळी संकर झाला, की एकीचं मायटोकाँड्रिया दुसरीत शिरून तिथेच रुळतं. गॅम्बी आणि अरेबिएन्सिस यांच्यात असंच झालेलं आहे. त्यांच्या बारकोडवरून त्यांना वेगळं करता येत नाही. म्हणून बारकोडचा निकाल हाती आला की माझा पहिला प्रश्न असतो: केंद्रकातल्या डीएनएची साक्ष कुठे आहे?

गॅम्बी आणि कोलुझी या डासांच्या प्रजातींत फरक कसा करतात? हे तर फारच जवळचे म्हणतात.

इतके जवळचे की २०१३पर्यंत त्यांना एकाच प्रजातीची 'एस' आणि 'एम' रूपं म्हणत. १९९३च्या चाचणीत दोघांचा पट्टा एकच, ३९०चा. त्यांच्या संकराची संततीही निर्बीज नसते. मग वेगळे का मानायचे? कारण निसर्गात ते बहुतेक ठिकाणी आपापल्यांतच जुगतात. संध्याकाळी नरांचे थवे जमतात, ते दोघांचे वेगळे असतात. गॅम्बीच्या अळ्या पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत वाढतात, कोलुझीच्या जास्त करून भातखाचरांसारख्या टिकाऊ पाण्यात. म्हणजे पाऊस संपला की एकाची संख्या कोसळते आणि दुसरा पाटाच्या पाण्यावर वर्ष काढतो. हिवतापाचा हंगाम किती लांबणार, हे यावर अवलंबून असतं.

त्यांना वेगळं करायला २००८ साली एक सुबक चाचणी आली. कोलुझीच्या एक्स गुणसूत्रात एका जागी साधारण २३० अक्षरांचा एक तुकडा येऊन बसला आहे. गॅम्बीत तो नाही. त्या जागेच्या दोन्ही बाजूंना प्रायमर लावले की कोलुझीचा पट्टा ४७९ला येतो आणि गॅम्बीचा २४९ला. असा तुकडा एकदा घुसला की सहसा बाहेर पडत नाही, आणि दोन प्रजातींत नेमक्या त्याच जागी स्वतंत्रपणे घुसण्याची शक्यता नगण्य. त्यामुळे ही खूण भरवशाची.

एकाच डासात दोन्ही पट्टे आले तर तो संकर समजायचा का?

घाई करू नका. मला एकदा एका खेपेत असे बरेच 'संकर' मिळाले. आनंदही झाला, कारण संकर सापडणं म्हणजे मोठी बातमी. मग नळ्या नीट पाहिल्या. डास गोळा करताना एका कुपीत पाच-सहा एकत्र भरले होते, प्रवासात पाय तुटून तळाशी पडले होते, आणि मी उचललेला पाय कोणाचा याची खात्री देता येत नव्हती. काही नळ्यांत दोन वेगवेगळ्या डासांचे पाय गेले होते. त्याच डासांच्या छातीतून डीएनए काढून चाचणी पुन्हा केली, तर बहुतेक 'संकर' विरून गेले. तेव्हापासून दोन पट्टे दिसले की मी आधी स्वतःच्या हाताला दोष देते आणि नवा नमुना लावते.

याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. गॅम्बी आणि कोलुझी यांना वेगळं करणाऱ्या या खुणा एक्स गुणसूत्रावर आहेत. नराला एक्स एकच, तोही आईकडून. म्हणजे संकराने जन्मलेल्या नरात फक्त आईचा पट्टा दिसणार. तो संकर असूनही चाचणी त्याला शुद्ध म्हणणार. माद्यांत दोन्ही पट्टे दिसतात. त्यामुळे संकर मोजायचे असतील तर माद्या तपासा, आणि इतर गुणसूत्रांवरच्या खुणाही लावा. आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, गिनी-बिसाऊच्या परिसरात, खरे संकर मोठ्या प्रमाणात सापडतात. तिथे एकाच खुणेवर विसंबणं धोक्याचं आहे.

पट्टाच आला नाही तर?

बहुतेक जण 'चाचणी फसली' अशी नोंद करून पुढे जातात. माझं कळकळीचं सांगणं आहे की त्या रकान्यावर थांबा. डीएनए खराब झाला असेल, हे खरं. पण कदाचित तो डास तुम्ही समजलात त्या संकुलातला नसेलच. केनियाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात २०१२ साली अशा डासांचे आयटीएस-टू आणि सीओ-वन वाचले, तेव्हा ते कुठल्याच ज्ञात प्रजातीशी जुळले नाहीत. ते घराबाहेर, संध्याकाळी लवकर चावत होते आणि त्यांच्यात हिवतापाचा परजीवीही होता. नमुने 'निकाल नाही' म्हणून फेकले असते तर हा वाहक कोणाला कळलाच नसता.

याउलट भलत्याच प्रजातीचा डास गॅम्बीच्या चाचणीत घातला तर कधीकधी गॅम्बीसारखा पट्टा येतो. म्हणून आधी सूक्ष्मदर्शक, मग पीसीआर. डीएनए आला म्हणून ठिपके आणि पट्टे ओळखणारी नजर निवृत्त होत नाही, उलट तिच्यावरची जबाबदारी वाढते.

क्युलिसिफेसीजच्या पाचही प्रजाती एका चाचणीत कळतात का?

एका टप्प्यात नाही. रायबोसोमल डीएनएच्या डी-थ्री भागावरून दोन गट पडतात, ए-डी एकीकडे आणि बी-सी-ई दुसरीकडे. मग मायटोकाँड्रियातल्या सीओ-टू जनुकावरच्या दोन वेगळ्या चाचण्यांनी गटांतर्गत विभागणी होते. ई ही मुळात बीपासून वेगळी ओळखली गेली ती नराच्या वाय गुणसूत्राच्या आकारावरून. बी दुबळी वाहक आणि ई चांगली वाहक, त्यामुळे रामेश्वरम बेट आणि श्रीलंकेत हा फरक फार मोलाचा ठरला. फ्लुविॲटिलिस या दुसऱ्या ॲनाफिलीस संकुलाचीही तीच गत आहे: एस ही माणसाला चावणारी समर्थ वाहक, टी आणि यू मुख्यतः गुरांवर.

संपूर्ण जीनोम वाचून काय नवं कळलं?

गॅम्बीचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, २००२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे २७.८ कोटी अक्षरं आणि गुणसूत्रांच्या तीन जोड्या. गंमत अशी की ज्या प्रयोगशाळेतल्या वाणाचा तो जीनोम, त्यातच आजच्या गॅम्बी आणि कोलुझी या दोघांचं मिश्रण होतं. २०१५ साली १६ ॲनाफिलीस प्रजातींचे जीनोम एकत्र आले, आणि एक धक्कादायक गोष्ट समोर आली. एक्स सोडून इतर गुणसूत्रं पाहिली तर अरेबिएन्सिस हा गॅम्बी-कोलुझीचा अगदी जवळचा भाऊ वाटतो. एक्स पाहिलं तर नातं वेगळंच निघतं. उलगडा असा की या प्रजातींत जनुकांची देवाणघेवाण भरपूर झाली. एक्सवर मात्र वेगळं ठेवणारी कुंपणं पक्की असल्यामुळे जुनं नातं तिथेच टिकून राहिलं.

याचा व्यवहारातला अर्थ फार महत्त्वाचा आहे. पायरेथ्रॉइडला न जुमानणारं केडीआर हे जनुकातलं उत्परिवर्तन गॅम्बीतून कोलुझीत गेलं, ते अशाच संकरातून. म्हणजे प्रजाती वेगळ्या आहेत म्हणून प्रतिकारशक्ती एकीतच अडकून राहील, या भरवशावर राहता येत नाही. २०१७ साली आफ्रिकेतल्या ७६५ डासांचे जीनोम एकत्र प्रसिद्ध झाले आणि त्यांत ५ कोटींहून अधिक जागी फरक आढळले. इतकी विविधता हाताशी असलेल्या जीवाला एकाच औषधाने कायमचं रोखता येईल, हे मला पटत नाही.

स्टेफेन्सीबद्दल एवढी चिंता का?

हा मूळ दक्षिण आणि पश्चिम आशियातला डास शहरांतल्या टाक्यांत, विहिरींत, साठवलेल्या पाण्यात वाढतो. २०१२ साली तो जिबूतीत सापडला, २०१६ साली इथिओपियात. आफ्रिकेतल्या जुन्या ओळख-कोष्टकांत स्टेफेन्सी नव्हताच. कोष्टकात जो डास नाही, तो त्याच्या आधारे ओळखणार कसा? जवळच्या एखाद्या नावाखाली तो खपून जातो. आयटीएस-टू आणि सीओ-वन वाचल्यामुळे त्याची ओळख पक्की झाली, आणि सीओ-वनच्या प्रकारांवरून तो कुठून कसा आला याचा मागही काढता येतो.

प्रजाती कळली म्हणजे तो डास हिवताप पसरवतो हे सिद्ध झालं का?

नाही. प्रजातीची चाचणी फक्त नाव सांगते. परजीवी आहे का, हे डोकं आणि छातीचा भाग वेगळा तपासून कळतं, कारण लाळग्रंथी तिथे असतात. कोणाचं रक्त प्यायलं, ते पोट सांगतं. एकाच डासाचे असे तीन भाग करून तीन प्रश्न विचारता येतात. पायाच्या बळावर परजीवीबद्दल बोलणारे अहवाल मी पाहिले आहेत. तसं करू नये.

जेलशिवाय, शेतात किंवा गावातच निकाल देणाऱ्या चाचण्या आहेत का?

एकाच तापमानाला डीएनएच्या प्रती वाढवणारी लॅम्प पद्धत आणि डीएनएतली ठरावीक जागा हेरणाऱ्या क्रिस्पर तंत्रावर आधारलेल्या चाचण्या विकसित झाल्या आहेत. दुसऱ्या टोकाला, एकाच वेळी डासाच्या ६२ जागा आणि परजीवीच्या दोन जागा वाचून संपूर्ण ॲनाफिलीस गटातली ओळख सांगणारा संच तयार झाला आहे. आधी संकुल ओळखा, मग त्याची चाचणी निवडा, ही दोन पायऱ्यांची कसरत त्यात करावी लागत नाही. तो मोठ्या प्रयोगशाळेचा खेळ आहे. रोजच्या कामाला अजूनही पाय, प्रायमर आणि जेल हेच सोयीचं.

डास पकडला तर तपासणीसाठी कसा जपायचा?

एका नळीत एकच डास. खाली निळे सिलिका जेलचे दाणे, वर कापसाचा पातळ थर, त्यावर डास, म्हणजे दाण्यांवर घासून पाय तुटत नाहीत. दाणे गुलाबी झाले की ओल धरली समजा आणि बदला. अल्कोहोलमध्येही जपता येतो, पण खवले आणि ठिपके पुसट होतात, म्हणून भिंगाखालची ओळख आधी उरकून घ्या. फॉर्मेलिन अजिबात नको, त्यात डीएनए वापरण्याजोगा राहत नाही. नळीत चिठ्ठी घालायची ती पेन्सिलने लिहिलेली, कारण शाई अल्कोहोलमध्ये उतरते. चिठ्ठीवर तारीख, जागा, घरात की बाहेर, भिंतीवर की गोठ्यात, आणि कशाने पकडला, एवढं हवंच. डीएनए नाव सांगेल, पण तो त्या रात्री कुठे बसला होता हे फक्त पकडणाऱ्यालाच माहीत असतं.